लेकीच्या गाण्यातल्या रिकाम्या जागा

माझ्या लेकीचं गाणं मी पहिल्यांदा धड ऐकलं, त्या दिवशी आमच्या बोळात कुणीही मेलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते. कारण आमचं अर्धं दिंद्रुड गाव अजून मला वाटेत थांबवून विचारतं, "काकू, त्या दिशी तुमच्याकडं झालतं तरी काय?" आता एकेकाला काय सांगत बसू? एकदाच लिहून ठेवते, ज्याला हवं त्यानं वाचून घ्यावं.

आमची पिठाची चक्की आहे. बाजारगल्लीतून आत वळलं की बोळ लागतो, त्याच्या टोकाला. पुढं चक्की, मागं घर. ती आमच्या ह्यांनी टाकली. ह्यांचं बालपण मेंढरांमागं रानात गेलं. पुढं सासऱ्यांनी मेंढरं विकली आणि ह्यांनी मशीन घेतली. मेंढरं गेली, पण त्यांना घालायची हाळी काही ह्यांच्या तोंडातून गेली नाही. लेकीला खेळातून घरी बोलवायचं झालं तरी चक्कीच्या दारात उभे राहून "हिर्रर्र, हैक्" करायचे आणि पोरगी पळत यायची. मी म्हणायची, "अवो, बारसं करून नाव ठिवलंय तिला, त्या नावानं हाका मारा की." हे हसायचे आणि हसता हसता खोकायचे. पिठाचा खोकला तो. शेवटपर्यंत त्यांच्या छातीत ठाण मांडून होता.

आम्हाला ही एकच लेक. शिकायला पुण्याला पाठवली तर तिकडं गाणं शिकली. तेही एक वेळ चाललं असतं. अभंग म्हणाली असती, भावगीत म्हणाली असती, तर चार लोकांत मान वर करून सांगता आलं असतं. पण ही जॅझ गाते. तिच्या गाण्यात शब्दच नाहीत. नुसता आवाज, आणि तोही आधी ठरवलेला नाही. उभं राहायचं आणि तिथल्या तिथं सुचेल ते काढायचं. तिनं मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हंजी तयारी न करता जायचं आन वर पाकीट घ्यायचं. बरंय की बाई तुमचं."

एका गणपतीत इथल्या मंडळानं मोठ्या हौसेनं तिला स्टेजवर चढवलं. तिनं डोळे मिटून आवाज लावला, तसा लाऊडस्पीकरवाला धावत आला आणि माईकची वायर हलवून बघायला लागला. त्याला वाटलं, काहीतरी बिघडलं. लोक फिदीफिदी हसले. मला तर धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं. हे मात्र पहिल्या रांगेत बसून मांडीवर ताल धरत होते. त्यांना त्यातलं काय कळत होतं देव जाणे.

चार वर्षांमागं हे गेले. सकाळी मशीनचा पट्टा चढवता चढवता खाली बसले, ते उठलेच नाहीत. लेक तेव्हा कार्यक्रमासाठी परदेशात होती. माती तिच्यावाचून झाली. ती आली तिसऱ्या दिवशी.

आता आमच्याकडची रडायची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. मयताच्या घरी भेटायला येणारी बाई गुपचूप आत शिरत नाही. बोळाच्या तोंडापासूनच ती गळा काढते, हेल काढून रडते, गेलेल्या माणसाचे गुण सांगत येते. "माझ्या बापाऽ, आता मला दारात हुबं ऱ्हाऊन कोण हाक मारंल रंऽ." हे कुणी पाठ केलेलं नसतं. आईची, आजीची चाल कानात असते आणि शब्द पोटातून येतील तसे. तिचा हेल संपला, तिनं श्वास घेतला, की घरातल्या बाईनं आतून ओ द्यायची, म्हणजे आपणही तसाच हेल काढायचा. अशी ओ घेत घेत ती दारापर्यंत येते आणि मग दोघी गळ्यात गळा घालतात. घरातलीनं ओ दिली नाही तर आलेलीचा अपमान. आणि आलेलीनं गळाच काढला नाही, तर घरातलीनं रडायचं कुणापाशी? एकटीनं भिंतीकडं बघून कुणी रडतं का?

लेक येणार म्हणून मी माझं रडणं राखून ठेवलं होतं. बाकीच्या बायकांना ओ दिली ती रीतीपुरती. जीपचा आवाज आला तशी उंबऱ्याशी जाऊन बसले. घरातल्या सगळ्या बायका कान टवकारून गप्प झाल्या. आणि माझी लेक, जिला आवाजाचे पैसे मिळतात ती, बोळातून नुसती चपला वाजवत आली, माझ्याशेजारी बसली आणि माझा हात हातात घेतला. बस्स. हूं नाही की चूं नाही. डोळ्यात टिपूस नाही. मी तिच्या तोंडाकडं बघतच राहिले.

समोरच्या घरात माझी नणंद राहते, तिला आम्ही आक्का म्हणतो. तोंडाची लई फटकळ. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "दगुड हाय गं, दगुड. जगापुढं आवाज काढती, बापासाठी न्हाई निघाला."

माझं रडणं तिथंच अडकलं. बाहेरही येईना आणि आतही विरेना. चक्की मी चालवायला घेतली, कारण घर चाललं पाहिजे. लेकीचा फोन यायचा. मी विचारायची, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हो." मग ती विचारायची, "दळण आहे का?" मी म्हणायची, "हाय." झालं आमचं बोलून. भांडण म्हणावं तर नव्हतं, आणि माया म्हणावी तर तीही कुठं दिसत नव्हती. ती बोळातून गप्प आली होती, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. पण विसरलेही नाही. का विसरू?

यंदा ज्वारीची खळी उरकली त्या सुमाराला तिचा फोन आला. म्हणाली, "आई, माझा पहिला अल्बम येतोय. काही गाणी एकटीनं गायलीयत, काही सोबत्यांबरोबर. तुझ्या मोबाईलवर पाठवते. त्यातलं शेवटचं तेवढं ऐक आणि मला सांग. तू हो म्हणाल्याशिवाय ते मी बाहेर काढणार नाही."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"ते तुलाच कळेल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला रागच आला. इतकी वर्षं कधी विचारलं नाही आणि आता आईची परवानगी! मी ऐकलंच नाही. पुन्हा फोन आला, "ऐकलंस का?" मी म्हटलं, "दळण लई हाय." ती म्हणाली, "बरं." इतका पडलेला आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. परीक्षेत नापास झाली तेव्हासुद्धा नाही.

बाजाराचा दिवस होता. चक्कीत डब्यांची रांग आणि डब्यांमागं बायका. जरा कुठं हातानं वेग घेतला आणि लाईट गेली. पट्टा थांबला. बायका खाली टेकल्या, पदरानं वारा घ्यायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, "काकू, तुमच्या पोरीचं गाणं आलंय म्हणं. लावा की, लाईट येस्तवर."

मला नको होतं. पण नाही म्हणावं तर लेकीची लाज वाटते असं दिसलं असतं, आणि ते मी मेले तरी दिसू देणार नाही. ह्यांनी गाणी ऐकायला एक चार्जिंगचा स्पीकर आणला होता. त्याला मोबाईल जोडला.

आधी मधलंच कुठलंतरी लागलं. त्यात लेक आणि एक माणूस. तो लग्नातल्या बँडवाल्यांकडं असतं तसलं पितळी वाकडं वाद्य वाजवत होता. ही काहीतरी टोचून बोलल्यासारखा आवाज काढायची, तो फणकाऱ्यानं उलट उत्तर द्यायचा, हिचा सूर चढायचा, तो आणखी वर. एक बाई म्हणाली, "आगं बाई, हे तर माझ्या सासूचं आन माझंच हाय!" सगळ्या खदाखदा हसल्या. मलाही हसू आलं. म्हटलं, चला, हसण्यावारी निघालं. मग मी शेवटचं लावलं.

सुरुवातीला काहीच नाही. मग हळू, पट... पट... पट. सगळ्यांनी माना वळवून मशीनकडं बघितलं. एकजण उठलीसुद्धा, "आली लाईट" म्हणत. पट्टा तर जागचा हललेला नव्हता. आवाज स्पीकरमधून येत होता. जिभेनं काढलेला पट्ट्याचा आवाज, पहिल्यांदा अडखळतो तसा अडखळत, मग वेग धरतो तसा धरत. त्यावर दगडाची घरघर चढली. आणि त्या घरघरीतून ती खोकली. तिचं खोकणं नव्हे ते. ह्यांचं. आधी दोन कोरडे, मग थांबून एक खोल. माझ्या हातातलं सुपडं खाली पडलं, त्यातली ज्वारी भुईवर पसरली. मी उचलायला वाकले नाही.

"हिर्रर्र, हैक्," स्पीकर म्हणाला.

मी दाराकडं बघितलं. खरं सांगते, बघितलं. चार वर्षांमागं गेलेल्या माणसासाठी भर दुपारी दाराकडं बघितलं.

आणि मग तिचा आवाज उठला. शब्द एकही नाही. पण ती चाल! माझ्या माहेरची, चकलांब्याची चाल. माझी आई हेलाचा शेवट खाली सोडायची नाही, वर न्यायची आणि तिथं तोडायची. लेक लहानपणी तिच्या मांडीवर पडून तेच ऐकत वाढली होती. तस्साच तिनं शेवट वर नेला आणि तोडला. मग शांत. काहीच नाही.

"बंद पडलं वाटतं," कुणीतरी म्हणालं. मी मोबाईलकडं हात नेला, तोवर दुसरा हेल सुरू झाला. पुन्हा वर गेला, तुटला आणि पुन्हा तीच शांतता.

त्या शांततेत समोरच्या घरातून ओ आली.

"आगं माझ्या वैनीऽऽ, काय झालं गंऽ माझे बाईऽऽ!" आक्का! हात पिठानं भरलेले, पदर कुठल्या कुठं, ऊर बडवत बोळ ओलांडून आली. तिच्यामागं बोळातल्या बायका, त्यांच्यामागं डोक्याला टॉवेल गुंडाळत दोन-चार माणसं. बोळाच्या तोंडाशी किराणावाला आहे, त्यानं तोवर शटर अर्धं खाली ओढलं होतं. मयत झालं की आमच्याकडं दुकानं अशीच अर्धी लावतात. आक्का येऊन धाडकन माझ्या गळ्यात पडली. स्पीकरमधून तिसरा हेल आला, तो संपला तशी तिनं लागलीच ओ दिली, "माझ्या वैनीनं लई सोसलं गंऽ, देवाला दया न्हाई गंऽ!" एवढं सगळं रडून झाल्यावर माझ्या कानात विचारते, "कोण गेलं गं?"

"कुणी न्हाई गेलं, आक्का! गाणं हाय ते. पोरीचं गाणं."

ती मागं सरली. स्पीकरकडं बघत आ वासून उभी राहिली. दारात गोळा झालेलं सगळं गाव तसंच उभं. मला वाटलं, आता ही तोंड सोडणार, सगळ्यांसमोर पोरीचा उद्धार करणार. स्पीकरमधून पुन्हा ह्यांचा खोकला आला, पुन्हा ती हाळी आणि हेल. आक्काचा चेहरा पांढराफटक पडला.

"वैनी," ती म्हणाली, "पोरगी रडती हाय. आपल्या दादासाठी रडती हाय गं." आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

जिनं दगड म्हटलं होतं तीच हे म्हणाली.

पुन्हा ती रिकामी जागा आली. कुणी हललं नाही. आक्काही गप्प. मग पुढचा हेल आला, आधीच्यापेक्षा थकलेला. पुन्हा जागा रिकामी. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ती थांबत नव्हती, वाट बघत होती. बोळाच्या तोंडाशी उभी होती माझी लेक, आणि उंबऱ्याशी बसलेली मी ओ देत नव्हते.

मग जो आवाज निघाला तो माझा होता हे मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, कुणी दुसरीच बाई रडतेय. "अवो, मेंढरं राखली, पीठ खाल्लं वोऽ, लेकीचं गाणं मांडीवर धरलं वोऽ, आन मला न सांगता हितूनच उठून गेलावऽऽ!" माझ्याच आवाजाला मी दचकले. पण आता तो थांबतोय होय? ती हेल काढायची, मी ओ द्यायची. ती पुण्यात, मी इथं. ती कधी गायली आणि मी कधी रडले, पण एकही ओ चुकली नाही. आक्कानं मला मागून धरलं होतं, नाहीतर मी मशीनवरच पडले असते.

गाणं संपलं आणि लाईट आली. पट्टा आपोआप फिरायला लागला. एकीनंही दळणाचं नाव काढलं नाही. किराणावाल्यानं शटर वर केलं.

तोंडावर पाणी मारून मी लेकीला फोन लावला. घसा पार बसला होता.

"ऐकलं," मी म्हटलं.

आणि लगेच विचारलं,

"त्या मधल्या जागा गं?"

"तुझ्या आहेत," ती म्हणाली. "आई, त्या दिवशी बोळात मी तोंड उघडलं होतं. खूप प्रयत्न केला. आवाजच फुटला नाही. नंतरही नाही. वर्षभर मला एक सूर लावता आला नाही. कार्यक्रम सोडले. डॉक्टर म्हणायचे, गळ्याला काही झालेलं नाही. वाटलं, संपलं आता आपलं. मग एके दिवशी स्वयंपाक करता करता तोंडातून पट्ट्याचा आवाज निघाला. तिथून सुरू झालं हे सगळं."

अख्ख्या बोळानं जिला दगड म्हटलं, तिचा गळाच मिटला होता. आणि हे मला, तिच्या आईला, चार वर्षांनी फोनवर कळतंय!

"सांगायचं नव्हतं का, माय?"

"कसं सांगू? तू फक्त 'जेवलीस का' विचारायचीस."

मी सांगितलं, आज काय झालं ते. आक्काचं, शटरचं, सगळं. ती हसली, रडली, पुन्हा हसली. मग एकदम कामाला लागली. "आई, मी रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन येते. तू जशी ओ दिलीस तशीच रेकॉर्ड करू आणि त्या जागांत बसवू. मग ते माझं एकटीचं गाणं राहणार नाही, आपलं दोघींचं होईल."

"येडी का खुळी? तसं पुन्यांदा रडता येतं व्हय? ठरवून रडायला मी काय सिनेमातली बाई हाय?"

"आई," ती म्हणाली, "इतकी वर्षं मी तुला माझ्या गाण्याबद्दल हेच तर सांगतेय."

तरी ती आलीच. कधी येणार ते सांगितलं नव्हतं. मी चक्कीत होते, मशीन भरात, त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. बघते तर दारात आक्का उभी, दोन्ही हातांनी खुणा करतेय, बंद कर, बंद कर. चेहरा असा की मला वाटलं, आता खरंच कुणीतरी गेलं. मी खटका ओढला. पट्टा मंदावत गेला, आणि तो थांबायच्या आत मला बोळाच्या तोंडाकडून ऐकू आलं.

"माझ्या बापाऽऽ, हाळी घालून मला कोण बोलवंल रंऽऽ!"

शब्दांसकट. अंगात जीन्स, खांद्यावर रेकॉर्डिंगच्या मशीनची काळी पेटी, भर दुपारी, सगळ्या बाजारादेखत माझी लेक हेल काढून रडत बोळातून येत होती. घराघरातून माणसं बाहेर आली. कुणी हसलं नाही. कुणी माईकची वायर बघायला धावलं नाही. चकलांब्याचा शेवट तिनं वर नेला, तोडला आणि थांबली. मी उंबऱ्याशी गेले आणि ओ दिली. दारात येईस्तवर तिनं पावलापावलाला माझी ओ घेतली. मग गळ्यात पडली. तिच्या काळ्या कपड्यांवर माझे पिठाचे पंजे उमटले ते संध्याकाळपर्यंत तसेच होते.

चहा झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. "ते तुझं मशीन चालू व्हतं का गं मघाशी?"

तिनं कोपऱ्यातल्या पेटीकडं बघितलं. पेटीच्या कड्या लावलेल्याच होत्या. "नाही," ती म्हणाली. "काढायचं ध्यानातच राहिलं नाही."

"मंग आता?"

"आता काय. गाणं एकटीचंच राहू दे. पण लोक विचारतील, या मधल्या जागा रिकाम्या का सोडल्या?"

"सोड तशाच. काढ गाणं भाईर," मी म्हटलं. "आन कुणी इचारलं तर सांग, ओ दिलीया म्हणावं माझ्या आईनं. दिंद्रुडला."

मग मी उठून चक्की चालू केली. आक्काचं दळण अर्ध्यावर राहिलं होतं.